सहा नंबरचा नट

मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता कस्टमरच्या ऑडिटरने लेथ नंबर सहाच्या तेलाच्या टाकीवर टॉर्च मारला. तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं. शेजारच्या केबिनमधल्या यादीवर ‘लेथ ६, तेल पाहिले’ या ओळीपुढे त्याच दिवसाची टिक होती.

कारखाना कुपवाडचा. पंपाची हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, आम्ही तिथे बनवतो. मी मेंटेनन्स इंजिनिअर. यादी माझी होती.

ऑडिटरने दोन ओळी लिहिल्या. पहिली, तेल कमी. दुसरी, नोंद खोटी. पहिलीला त्याने आठवड्याची मुदत दिली. दुसरीसाठी तीन आठवड्यांनी पुन्हा येणार असं सांगितलं. तेव्हाही नोंद खोटी निघाली तर हाउसिंगचं काम दुसऱ्या कारखान्याकडे जाणार होतं. आमची दुसरी शिफ्ट त्या एका हाउसिंगवर चालते. शिफ्टमध्ये अकरा जण आहेत.

ऑडिटर गेल्यावर मालकांनी मला विचारलं, “मॅडम, यादीत किती ओळी आहेत?”

“बासष्ट.”

“रोज?”

“रोज.”

“माझ्या घरच्या यादीत चार असतात. त्यातलीही एक राहते.”

यादी ‘प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स’ची होती. मशीन बिघडल्यावर दुरुस्त करायचं ते ब्रेकडाउन. बिघडू नये म्हणून रोज तेल, कूलंट, हवेचा दाब पाहायचा ते प्रिव्हेंटिव्ह. कूलंट म्हणजे कापताना धातूवर पडणारं दुधाळ पाणी. हे सगळं पाहण्याचं काम महादेव मामांचं. मामा आमचे फिटर. गाव आटपाडी तालुक्यात, वय चोपन्न, कुपवाडमध्ये सत्तावीस वर्षं. काम टाळणारा माणूस नव्हे.

मी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

“मामा, काम झालं नव्हतं तर टिक कशी आली?”

“सकाळी मारली.”

“सगळ्या?”

“सगळ्या. बासष्ट. सात वाजता, हात सवच्छ असत्यात तवा.”

“काम करायच्या आधी?”

“आवं मॅडम, तुमीच म्हनला व्हता न्हवं, कागद मळवू नका, ऑडिटला दाखवायचा असतो? काम झाल्यावर हाताला तेल असतं. मग कवा मारायची टिक?”

मी तसं म्हणाले होते. गेल्याच महिन्यात, स्टोअरकीपरसमोर. स्टोअरकीपर म्हणजे रहिमतपूरचे सुभेदार, फौजेतून निवृत्त. ते दारातच उभे होते.

“म्हणाल्या होत्या,” सुभेदार म्हणाले. “मी साक्षीदार.”

त्यानंतर मी दोन दिवस वही घेऊन मामांच्या मागे फिरले. काही बोलायचं नाही, फक्त लिहायचं, एवढंच ठरवलं होतं. माझी यादी लेथ नंबर एकपासून सुरू होत होती. मामा एकपासून सुरू करत नव्हते. ते आधी हवेच्या कॉम्प्रेसरकडे जात, कारण तो दाराजवळ आहे आणि त्यात साचलेलं पाणी काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मग बारा, अकरा, दहा असं उलट सातपर्यंत. लेथ सातशेजारी चहाचं टेबल आहे. दहा वाजता चहा येतो. चहा पिता पिता कोणीतरी हाक मारतं, “मामा, जरा तीनवर या.” मामा तीनवर जातात. तिथून दोन, एक करून परत पाच, चार. शेवटी ड्रिलिंग मशीन. लेथ सहा चहाच्या टेबलामागे आहे. ज्या दिवशी हाक येते त्या दिवशी ती राहते. दोन्ही दिवस हाक आली. दोन्ही दिवस ती राहिली.

बासष्टपैकी पाच ओळी अशा निघाल्या की त्या कोणी केल्याच नव्हत्या, कारण ते भाग आमच्या मशीनवर नाहीत. मी यादी दुसऱ्या कारखान्याच्या यादीवरून तयार केली होती. हे मी मालकांना सांगितलं. ते बराच वेळ हसले.

नवी यादी चौदा ओळींची झाली. कॉम्प्रेसर, बारा लेथ आणि ड्रिलिंग मशीन. एका मशीनची एक ओळ, मामांच्या चालण्याच्या क्रमाने. प्रश्न उरला तो चहानंतरच्या हाकेचा. केबिनमधला कागद तिथे उपयोगाचा नव्हता. मोबाइलवर आठवण लावून पाहिली. तेलकट बोटांनी स्क्रीन उघडेना.

तिसऱ्या दिवशी मामा स्वतःच म्हणाले, “आमचं आबा मेंढरं राखायचं. लिवता येत न्हवतं. सकाळी जितकी मेंढरं तितकं खडं खिशात. सांजंला मेंढरू वाड्यात शिरलं की एक खडा टाकायचा. खिशात खडा ऱ्हायला म्हंजे मेंढरू रानात.”

“मग?”

“मला चौदा नट द्या.”

सुभेदारांनी स्टोअरमधून चौदा नट काढले आणि प्रत्येकावर नंबर ठोकला. मी प्रत्येक मशीनवर एक हुक बसवून घेतला. नियम एकच: मशीनचं काम झालं की त्या नंबरचा नट खिशातून हुकात. साडेतीनला, शिफ्ट सुटताना, हुक पाहत एक फेरी मारायची आणि मगच कागद भरायचा. हात तेलकट असले तरी चालतील, हे मी लेखी दिलं.

“मामा,” सुभेदार म्हणाले, “आता मशिनी चरायला कवा सोडताय?”

“तुमास्नी राखण ठेवतो की,” मामा म्हणाले. “बंदूक हाय का अजून, का जमा केली?”

पाच दिवस सगळं ठीक चाललं. सहाव्या दिवशी साडेतीनच्या फेरीत लेथ सहाचा हुक रिकामा निघाला. नट खिशातही नव्हता. मामा म्हणाले, खिसा मोकळा झाला म्हणजे काम संपलं असं वाटलं. तेल पाहिलं. कमी होतं, म्हणजे सहा पुन्हा राहिली होती. तेल भरलं, पण नट काही मिळेना. मामांना सकाळपासून चालताना काहीतरी टोचत होतं. खडा असेल म्हणून त्यांनी लक्ष दिलं नव्हतं. सुभेदारांनी त्यांना बूट काढायला लावला. नट बुटात होता. पँटचा खिसा फाटला होता.

दुसऱ्या दिवशी मामा कमरेला जाड कापडाची पिशवी बांधून आले. मामींनी जुन्या पँटची शिवली होती.

ऑडिटर ठरल्या दिवशी पावणेदहाला आला आणि थेट लेथ सहाकडे गेला. हुक रिकामा होता. त्याने आजचा कागद मागितला. कागद कोरा होता.

“पुन्हा सहाच?” तो म्हणाला.

“अजून पिशवीत हाय,” मामा म्हणाले आणि नट काढून दाखवला. “चा झाला की तेल, मग नट.”

ऑडिटरने टाकी पाहिली. तेल खालच्या खुणेच्या वर होतं. मग त्याने मागच्या दिवसांचे कागद चाळले.

“हे एवढे मळके का?”

“काम झाल्यावर भरलेत,” मी म्हणाले.

दहाला चहा आला. ऑडिटरने कप घेतला आणि टेबलाजवळच उभा राहिला. मामांचा चहा अर्धा झाला असेल, तेवढ्यात तीनवरून हाक आली, “मामा, कूलंटचा पाइप निसटला, लवकर या!” मामा कप ठेवून गेले. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. सुभेदार खोकले.

“खोकला बाहेर,” ऑडिटर म्हणाला.

पाइप बसवायला सात-आठ मिनिटं लागली. मामांनी लेथ तीनचं तेल पाहिलं, पिशवीत हात घातला आणि नट काढला. नंबर पाहिला. तो परत टाकून दुसरा काढला, तीनच्या हुकात अडकवला. पिशवीत पुन्हा हात घालून पहिला नट शोधला, तो मुठीत धरला आणि चहाच्या टेबलाला वळसा घालून लेथ सहाकडे आले. तेल पाहिलं. थोडं कमी होतं, ते भरलं. नट हुकात अडकवला.

“चा गार झाला,” मामा म्हणाले.

ऑडिटरने वहीत लिहिलं आणि पुढच्या मशीनकडे गेला.

दुपारी दोन वाजता त्याने दोन्ही मुद्दे बंद झाल्याच्या कागदावर सही केली. साडेतीनला दुसऱ्या शिफ्टचे अकरा जण आत आले. चौदा हुकांवर चौदा नट होते. मामांनी कागद भरला, खाली अंगठ्याचा तेलकट डाग पडला. मग त्यांनी बाकावर बसून दोन्ही बूट काढले आणि झटकले. आत काही नव्हतं.