बसलिंगची निम्मी रेघ

कळंबच्या बाजारात माकणीचे एक वयस्क गृहस्थ भेटले. बसलिंगच्या भावकीतले. म्हणाले, "तुमचा दोस्त गेला हो." मला वाटलं, हैदराबादला गेला. मी रागानंच विचारलं, "माझ्याशिवाय कसा गेला? बी. एस्सी.ला दोघांनी मिळून जायचं ठरलंय." त्यांनी मला गर्दीतून बाजूला घेतलं. सावकाश म्हणाले, "कडब्याची गंज उपसताना पान लागलं. गंजीतच होता साप. दवाखान्याला नेस्तोवर वाटंतच संपला." इंटर पास झाल्याचे पेढे आमच्या घरी अजून संपले नव्हते. महिना होत आला, तरी मनाला ते पटत नाही. तो पुढं गेलाय आणि तिथं खोली बघून ठेवतोय, असंच वाटत राहतं.

इंटरची दोन वर्षं आम्ही एका खोलीत काढली. त्याच्या घरी कानडी, गावच्या शाळेत आणि बाजारात मराठी आणि कॉलेजात सगळं सरकारच्या उर्दूत. गणित म्हणजे रियाजी, त्रिकोण म्हणजे मुसल्लस. माझं शिक्षण पहिल्यापासून उर्दूत झालेलं, त्यामुळं मला शब्द कळत आणि गणित कळत नसे. त्याचं नेमकं उलटं. एकदा फळ्यापाशी उभं केल्यावर तो अडखळला आणि सबंध सिद्धता मराठीतच सांगून मोकळा झाला. वर्ग हसला. आमचे म्हातारे प्राध्यापक हसले नाहीत. "अपनी ज़बान में समझ गए ना, मियाँ? लफ़्ज़ तो आ जाएँगे." तेव्हापासून त्याला ध्यास लागला, की हे सगळं आपल्या माणसांना आपल्या बोलीत सांगायचं. सुट्टीत घरी गेला, की त्याची विद्यार्थिनी ठरलेली: थोरली बहीण, अक्का. लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेली, शाळा कधी न पाहिलेली.

परवा माकणीला गेलो. त्याला माती दिली तिथं जाऊन आलो. घरी अक्का पांढऱ्या मातीनं भिंत पोतारत होती. मधला एक चौकोन मात्र तिनं कोरडा ठेवला होता. त्यात बसलिंगनं कोळशानं काढलेली पाण्याची घागर, तीत तिरकी काठी, वर एक डोळा. काठीच्या बुडालेल्या टोकापासून निघालेली रेघ पाण्याच्या पातळीशी येऊन थांबली होती.

"पाण्यात काठी वाकडी का दिसती ते सांगत होता," अक्का म्हणाली. "निम्म्यात कडबा काढाया बोलावलं. म्हणला, आलोच… पुढचं तुम्ही सांगता का?"

मी कोळसा घेतला. पाण्यातून बाहेर येताना उजेड वळतो, म्हणून डोळा फसतो, असं सांगत रेघ डोळ्यापर्यंत नेली.

"म्हंजी काठी सरळच असती."

"व्हय, अक्का."

"त्यानं बी असंच सांगितलं असतं?"

"याहून सोपं करून."

तिनं मान हलवली, पोतेरं उचललं, आणि तेवढा चौकोन सोडून पुढची भिंत धरली.