चिलटं आधी बैलाकडे जातात

गयाबाईने मेंढीचं डोकं गुडघ्यांत धरलं होतं आणि मी मेंढीचा जबडा उघडून पाहत होतो. ओठ सुजलेले, हिरड्यांवर चट्टे, जीभ काळीनिळी. मेंढवाड्याबाहेर दोन मेंढ्या मरून पडल्या होत्या.

"ब्लू टंग आहे," मी म्हणालो. "तोंड लाल औषधाच्या पाण्याने धू. पातळ कण्या पाज. मी इंजेक्शन देतो."

इंजेक्शन जखमा चिघळू नयेत म्हणून. मूळ रोगावर औषध नाही, आणि लस तेव्हा आमच्या दवाखान्यात येत नव्हती. हे मी तिला सांगितलं नाही.

हिंगोली जिल्हा होऊन एखाद-दोन वर्षं झाली असतील. मी औंढा तालुक्यात सरकारी जनावरांचा डॉक्टर होतो. पावसाळा सरला की सिद्धेश्वर धरणाच्या काठच्या पडीक रानात गयाबाईचा मेंढवाडा पडायचा. नवरा गेल्यावर ती आणि तिची सून, दोघी मिळून चाळीसेक मेंढ्या राखायच्या. संसार त्यावरच. शेजारी, पाण्याच्या बाजूला, तांड्यावरच्या हिरामणचे गाई-बैल बांधलेले असत. त्याच्या आज्याने बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं होतं. हिरामण शेती करायचा, पण जनावरांची माया सुटत नव्हती. दोघांचा शेजार जुना होता.

"डॉक्टर साहेब," गयाबाई म्हणाली, "हिरामणची जनावरं ठणठणीत. माहीच मेंढरं काहून मरून राहिली?"

गावातली आठ-दहा माणसं ऐकत होती. अशा वेळी डॉक्टरला शहाणपणा सुचतो. मी सांगितलं, की हा रोग चिलटं पसरवतात. बारीक असतात, डोळ्याला जेमतेम दिसतात. चिखलात, ओल्या शेणात वाढतात. रोगाचा विषाणू गाई-बैलांच्या रक्तातही राहतो, पण ते सहसा आजारी पडत नाहीत.

यातला शब्द न् शब्द खरा होता. सगळ्यांच्या माना हिरामणच्या उकिरड्याकडे वळल्या.

"म्हंजे रोग ह्याच्या जनावरांतून येऊन राहिला?" एकाने विचारलं.

"तसं म्हणता येईल," मी म्हणालो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

जिल्ह्याच्या साहेबांच्या सांगण्यावरून त्या संध्याकाळी मी तिथे सापळा लावला. एक दिवा, छोटा पंखा आणि खाली बरणी. दिव्याकडे आलेली चिलटं पंखा आत ओढतो. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली धरून पोट भरलेल्या माद्या वेगळ्या काढल्या. रक्त फक्त माद्याच पितात. त्यांच्या पोटातलं रक्त कोणत्या जनावराचं, हे प्रयोगशाळा सांगते. स्पिरिटमध्ये बुडवून नमुने पाठवून दिले.

दुसऱ्या दिवशी हिरामण दवाखान्यात आला. दारातच उभा राहिला.

"साहेब, गाव म्हनतंय जनावरं हलव. तसं तुमी म्हनले का?"

"हलवा असं मी म्हणालो नाही."

"मंग हलवू नका, असं गावात येऊन म्हना."

मी टेबलावरचे कागद सारखे केले. "रिपोर्ट येऊ दे, हिरामण."

तो दारातूनच परत फिरला. त्याच दिवशी त्याने जनावरं तांड्यावर नेली.

रिपोर्ट तीन आठवड्यांनी आला. जिल्ह्याहून साहेबांचा फोन.

"बहुतेक माद्यांच्या पोटात गाई-बैलांचं रक्त आहे. मेंढीचं अगदी थोडं. या चिलटांना मोठं जनावर जास्त आवडतं. ते समोर असलं की मेंढीकडे कमी जातात. तिथली जनावरं हलवली नाहीत ना?"

"हलवली, साहेब."

"कोणी सांगितलं?"

"मी नको म्हणालो नाही."

साहेबांनी फोन ठेवला.

मी तसाच धरणाकाठी गेलो. जनावरं हलल्यापासून गयाबाईच्या अकरा मेंढ्या गेल्या होत्या. काठावरची चिलटं कुठेही गेली नव्हती. त्यांचं नेहमीचं जेवण तेवढं उचलून नेलं होतं. मी तिला सगळं सांगितलं. तिने पदर खोचला आणि तांड्याची वाट धरली. मी मागे चालत राहिलो. मला लाज वाटत होती.

हिरामणने ऐकून घेतलं.

"बैल चावून घेतील, त्याची तकलीफ न्हाई," तो म्हणाला. "पन तुमी जितं बोलले, तितंच बोला. सगळ्यांसमोर."

मी बोललो. आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण असेल. त्याच दिवशी त्याची जनावरं परत आली. ओलं शेण आम्ही लांब नेऊन पसरलं, मेंढवाडा उंचावर घेतला, दिवस मावळताना कडुलिंबाचा धूर सुरू केला. काही दिवसांनी मरणं थांबली. बैलांमुळे, धुरामुळे, की थंडी पडून चिलटंच कमी झाल्यामुळे, हे मी छातीठोक सांगू शकत नाही.

हिवाळ्यात हिरामणच्या जनावरांना लाळ्या-खुरकुताची लस टोचायला गेलो, तेव्हा गयाबाई बांधावर बसली होती. समोर उरलेल्या मेंढ्या चरत होत्या.

"तवाच काहून सांगितलं न्हाई, साहेब?" तिने शांतपणे विचारलं.

"रिपोर्ट यायचा होता, बाई."

"मंग बोलायलाबी रिपोर्ट येईस्तोर थांबायचं व्हतं."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, कोणी घाईने कारण विचारलं की मी एकच उत्तर द्यायचो: अजून माहीत नाही. हे तीन शब्द शिकायला अकरा मेंढ्या लागल्या, आणि त्यातली एकही माझी नव्हती.