वरून ओतलेला चहा

पोशीर गावाहून निघाले त्या दिवशी आई गाडीपर्यंत आली नाही. ओटीवरच उभी राहून म्हणाली, "जा गं. तू फुडं बघ, आमी हाय हितं." मला डब्लिनच्या एका हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली होती. आमच्या बौद्ध वस्तीतून परदेशी जाणारी मी पहिली, म्हणून सगळी वस्ती निरोपाला जमली होती. गाडी नेरळच्या रस्त्याला लागेपर्यंत मी मागे बघत होते.

जे असेच लांब गेलेत त्यांना ठाऊक असेल, तिकडच्या सवयी अंगात कधी मुरतात ते कळत नाही. माझ्या अंगात वॉर्ड मुरला. मास्क, सॅनिटायझर, कोणापासून किती अंतर ठेवायचं, हे आता झोपेतही सुटत नाही.

पाच वर्षांनी, गेल्या डिसेंबरात, मी तीन वर्षांच्या सम्यकला घेऊन घरी आले. आजी-नातवाची ही पहिली भेट. दोन दिवस तो तिच्या कडेवरून उतरला नाही. तिसऱ्या दिवशी आई शिंकायला लागली.

साधी सर्दी होती. पण मी लगेच ड्यूटीवर असल्यासारखी बोलायला लागले. आईला मास्क दिला, तिचं अंथरूण मागच्या पडवीत घातलं, सम्यकला तिकडे जायला बंदी केली. तिचं ताट आणि कप वेगळा काढला, चुकून कोणी घेऊ नये म्हणून त्यावर पांढरी चिकटपट्टी लावली. आई फक्त "बरं" म्हणाली. दाराच्या पलीकडून सम्यक "आजी, आजी" करायचा आणि ती मास्कमधून हसायची.

दोन दिवसांनी जवळच्या कोंडाणे गावाहून आत्या आली, बाबांची थोरली बहीण. मी तेव्हा आईला चहा देत होते. आई पडवीत, मी उंबऱ्याच्या आत. तिच्या कपाला किटली लागू नये म्हणून मी वरून ओतत होते.

आत्या पडवीच्या पायरीवरच थांबली. "वरनं ओततेस गं? माज्या आयला गावात असंच वरनं पाणी ओतायचे. तिचा कप पण बाहेर, कोनाड्यात असायचा."

मी जंतू, संसर्ग, लहान मूल असं काहीबाही बोलले.

"मला कळतंय. पण तिला इचारलंस का?"

आईच मध्ये पडली. "आजाराचं हाय ते, वन्सं. पोर शिकलेली हाय."

शिकलेली. मी किटली ठेवली आणि आत निघून गेले. माफी मागितली नाही. उलट आत्याचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी मला ताप भरला. नाक बंद, अंग ठणकत होतं. डोळे उघडले तेव्हा आई शेजारी बसलेली, मास्क न लावता. तिनं सुंठ उगाळून कपाळाला लावली, मऊ पेज फुंकून फुंकून भरवली. सम्यक तिच्या मांडीवर होता. मी पेज गिळत राहिले.

संध्याकाळी मात्र राहवेना. "आई, ही सर्दी मीच आणली. विमानातच माझा घसा धरला होता. गोळी घेतली आणि कोणाला सांगितलं नाही."

"म्हाईत हाय. आलीस तवाच आवाज बसला हुता तुजा."

"मग मी तुला पडवीत बसवलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"येवड्या वर्सांनी आलीस. आल्या आल्या काय बोलायचं?" ती म्हणाली आणि माझ्या अंगावरची गोधडी सारखी केली.

मी चार दिवसांत बरी झाले आणि आठवड्याने डब्लिनला परत आले. इथे वॉर्डात रोज कोणाला ना कोणाला वेगळं ठेवावं लागतं. आता आधी त्यांच्याजवळ बसते, कारण सांगते, विचारते. परक्या माणसांना विचारते.

परवा धीर करून आत्याला फोन लावला. म्हटलं, "आत्या, चुकलं माझं."

ती म्हणाली, "मला कशाला सांगतेस? तुज्या आयला सांग. ती तुला कदी चुकलीस म्हणायची नाय."

आईशी मी रोज बोलते. तिकडचा भाजीचा भाव, इकडची थंडी, सम्यकच्या खोड्या, सगळं बोलून होतं. हे एक होत नाही. फोनवर बोलण्याजोगं ते नाहीच. पूर्वी घर म्हटलं की आराम आठवायचा. आता पडवी आठवते, आणि तिथे खाली बसून आईला जे सांगायचं राहिलंय ते. मार्चचं तिकीट काढलं आहे.