बालवाडी कुठे आहे?

एलिओ बसुआल्दो अडतीस वर्षं रामोस मेहियात राहिला, पण गावाला काही तो ठाऊक नव्हता. पहाटे साडेपाचला घर सोडायचं, सात चौक चालून स्टेशन गाठायचं, थेट ब्युनोस आयर्सला जाऊन दिवसभर चष्म्याच्या काचा घासायच्या आणि अंधार पडल्यावर परत. रविवारी आठवड्याची झोप. "अर्ध्या तासात राजधानी! आणखी काय पाहिजे?" असं तो पाहुण्यांना ऐकवायचा. भाजी, दवाखाना, शाळा सगळं बायको बघायची. ती गेली, मग मुलगी रोमिना बघू लागली.

शुक्रवारी तो निवृत्त झाला. सोमवारी रोमिना म्हणाली, "बाबा, पिलारला आज तू आण. बरोबर चारला. जमलं तर रोज दुपारी ती तुझ्यापाशी. नाहीतर मला सांभाळायला कुणीतरी बघावं लागेल."

"पोरीला आणायचं, त्यात न जमण्यासारखं काय आहे?" एलिओ म्हणाला. मनातून मात्र तो हरखला होता. नातीसोबतच्या दुपारींची त्याने वर्षभर वाट पाहिली होती.

बालवाडी घरामागे तीन चौकांवर. पण रामोसचा माणूस कुठलाही पत्ता स्टेशनापासून मोजतो, आणि एलिओला दुसरं मोजमापच येत नव्हतं. तेव्हा स्वारी आधी स्टेशनावर. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! फलाटावर गाडी उभी होती, दारं उघडी होती, पाय आपसूक आत गेले. गाडी सुटली तेव्हा तो भानावर आला.

"मी कुठे चाललोय?" त्याने शेजारच्या बाईला विचारलं.

"ते मी कसं सांगू?" ती म्हणाली आणि पर्स जवळ ओढून बसली.

परत येईतो चार वाजून गेले होते. स्टेशनाबाहेरच्या टपरीवालीला त्याने वाट विचारली.

"नवीन दिसताय, काका."

"अडतीस वर्षं झाली."

तिने सांगितलेली वाट त्याच्याच घरावरून जात होती. एलिओला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बालवाडीच्या दारात पिलार आणि शिक्षिका दोघीच उरल्या होत्या. "मी आजोबा तिचा," तो धापा टाकत म्हणाला.

"कुठल्या वर्गात आहे ती?"

एलिओ दारावरची पाटी वाचू लागला. शिक्षिका पिलारकडे वळली. "ओळखतेस यांना?"

पिलारने त्याला नीट न्याहाळलं. "हो. हे आमच्याकडे झोपायला येतात."

शिक्षिकेने रोमिनाला फोन लावला आणि एलिओच्या हातात दिला.

"बाबा, होतास कुठे?"

"गाडीत."

"कुठल्या गाडीत?" मग ती म्हणाली, "राहू दे बाबा. उद्यापासून मी कुणीतरी बघते."

"दुसरं कुणीतरी?" त्याने विचारलं. पिलारने फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"आई, दुसरं कुणी नको," ती म्हणाली. "यांना काहीच माहीत नाही. मला किती सांगायचंय!"