लंडनच्या मेजवानीतला माझा फोटो

फोटो काढायचा म्हणून मी लग्नातला कोट चढवून, काळी टोपी घालून ओट्यावर उभा राहिलो, तिथंच माझं चुकलं.

लंडनला डॉक्टर असलेला माझा एक शाळासोबती वर्षाआड मोताळ्याला येतो. आमच्याकडची खुर्ची रुमालानं पुसूनच बसतो आणि गावच्या दवाखान्यासाठी पैसे जमवायला तिकडं भरवलेल्या मेजवान्यांचे फोटो दाखवतो. गोरी मंडळी हातात पेले घेऊन नाचत असतात. "हे सारं आपल्या गरीब लोकांसाठी हं!" म्हणताना 'आपल्या'वर त्याचा फार जोर. दवाखाना मात्र अजून फोटोतही आलेला नाही.

मागच्या खेपेला तो माझा फोटो काढायला आला, तेव्हा कोट पाहून हसला. "काय बे, नवरदेव झाला काय? उतरव तो. तिकडच्या लोकांले कीव आली पाहिजे."

मी निमूट फाटकी बंडी घातली. वर चेहराही पाडला.

यंदा त्यानं मेजवानीची छापील पत्रिका आणली. तिच्यावर मी! आमच्याच घरचे पोहे खाता खाता त्यानं खालच्या ओळीचा अर्थ सांगितला, "मोताळ्यातला एक उपाशी माणूस."

तो गेल्यावर मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. त्याची बशी उचलत बायको म्हणाली, "त्यानं नुसतं म्हटलं होतं. कोट त तुम्हीच उतरवला."