मामांची शाईची पेन्सिल

डास चावल्यावर माणसानं कसं वागावं हे अख्ख्या सातारा जिल्ह्यात एकट्या माझ्या थोरल्या मामांना कळत होतं. बाकीचे आपण सगळे नुसते खाजवत बसलेले. मामांची उभी नोकरी हिवताप खात्यात फवारणी करण्यात गेली. घरात औषध मारायचं आणि दाराशेजारी गेरूनं तारीख टाकायची, हा तिथला शिरस्ता. रिटायर झाल्यावर भिंती सुटल्या, पण तारीख टाकायची सवय सुटेना. ती माणसांवर आली. कुणालाही डास चावला की मामा खिशातली शाईची पेन्सिल जिभेला लावत, उठलेल्या गांधीभोवती गोल काढत आणि शेजारी वेळ टाकत. "आता हात लावायचा न्हाई. न खाजवलेली गांध तासाभरात बसती. खाजवलीस, तर चार दिस मुक्काम ठोकती."

मग गार उपचार. फ्रीज नव्हता, पण माठ होता. चावलेला भाग माठाला टेकवून उभं राहायचं. कोपर असेल तर ठीक. पण मामांचे नवे जावई पहिल्यांदा सासरी आले आणि त्यांना गालावर डास चावला, तेव्हा ते सफारीसकट माठाला गाल लावून पाच मिनिटं उभे होते. "समदं पावणं माझ्या माठाला मिठ्या मारत्यात, मी पानी कवा घ्यायचं?" मामी करवादायची.

मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. सांगलीला बी.एस्सी. केलं, तेही प्राणिशास्त्र घेऊन, त्यामुळे गप्प बसणं मला जमत नसे. "आवं मामा, डास चावताना लाळ सोडतो. त्या लाळेवर आपलं शरीर चिडतं, म्हणून खाज. खाजवलं की कातडी आणखी चिडते." मामांनी सगळं शांतपणे ऐकलं. "म्हंजे मी सांगतोय त्येच की. फकस्त तू कॉलेजातनं सांगतोयस."

एकोणीसशे नव्वदच्या सुमाराची गोष्ट. साताऱ्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिक्षकाची एकच जागा होती आणि मला ती हवीच होती, पदवी घेऊन, वर बी.एड. करून वर्षभर घरी बसलो होतो, गावात लोक "काय साहेब?" म्हणून हसायला लागले होते. आदल्या संध्याकाळी मामांकडे उतरलो. ओट्यावर चहा घेताना डासांनी हातावर चार आणि कपाळावर मधोमध एक असा कार्यक्रम केला. "कपाळावर नको मामा, उद्या मुलाखत हाय!"

"आन् साहेबांफुडं कपाळ खाजवत बसलास तर शोभंल व्हय रं?"

हातावर चार आणि कपाळावर एक गोल निघाला. वर ओल्या फडक्याची पट्टी. शाईची पेन्सिल ओली झाली की पक्की जांभळी होते, हे मला, विज्ञानाच्या पदवीधराला, सकाळी आरशात कळलं. गांध साफ बसलेली, गोल आणि "६.४०" मात्र ठणठणीत. साबण, लिंबू, मामीचा काथ्या, सगळं झालं. कपाळ लाल झालं, जांभळं तसंच.

मुलाखतीत हेडमास्तर माझ्या कपाळाकडेच बघत होते. "सहा चाळीस म्हणजे काय हो?"

मग म्हटलं, "सर, प्रयोग आहे." लाळेपासून सुरुवात केली, बाह्या वर केल्या, चारही गोल वेळेसकट दाखवले, खाजवलं नाही म्हणून एकही गांध शिल्लक नाही हे सिद्ध केलं. मुलाखत घेणारे सगळे हसत पुढे वाकून बघायला लागले. "वा! आणि ही कल्पना कुणाची?"

"माझीच, सर."

नोकरी तिथंच पक्की झाली.

मामा ओट्यावरच वाट बघत होते. "कपाळाचं इचारलं का रं?"

"व्हय."

"मग? माझं नाव सांगितलंस?"

"सांगितलं की."

मामा धोतर सावरत उठले. "अगं ए, ऐकलंस का! हायस्कुलात नाव गेलं माझं!" त्या दिवशी त्यांनी गल्लीभर पेढे वाटले आणि येताना दोन शेजाऱ्यांवर गोल काढून आले.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. दरवर्षी वर्गात डासांचा धडा आला की मी हातावर गोल काढून दाखवतो आणि फळ्यावर मामांचं नाव लिहितो, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. पोरं वहीत उतरवून घेतात. मामांना हे कळवावंसं फार वाटतं. पण त्यांच्या लेखी ते त्या दिवशीच सांगून झालेलं होतं.