पुस्तकाचे दात

ईट गावच्या ड्रॉइंगच्या गुरुजींनी मला फसवलं, आणि तेही भर बाजारात शब्द देऊन.

भूमच्या आठवडी बाजारात मी शेळ्या-बोकडं विकतो. निवृत्त झालेल्या गुरुजींना नातवाच्या जावळासाठी बोकड हवा होता. आमचा सौदा तोंडानं होत नाही. टॉवेलाखाली हात घालून बोटं दाबायची, बघणाऱ्याला आकडा कळू द्यायचा नाही. त्या टॉवेलाखाली मी एक बोट सोडलं, म्हणजे भाव उतरवला. बदल्यात गुरुजींनी एक गोष्ट कबूल केली. वाचनालयात ते पुस्तकं, लेखक आणि वाचक यांच्यावरची व्यंगचित्रं लावणार होते. त्यात एक माझं, पुस्तक वाचतानाचं.

मी उगाच बोट सोडत नसतो. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. तिशीत, स्टँडवर एसटीच्या पाट्या बघत एकेक अक्षर जुळवलं. तरी बाजार मला अजून अंगठाबहाद्दरच समजतो.

चित्रं लागली त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून, बायकोला घेऊन गेलो. पहिल्या चित्रात एक लेखक स्वतःच्याच न खपलेल्या पुस्तकांची बाज करून झोपला होता. दुसऱ्यात एका बाईनं रहस्यकथेत डोकं घातलं होतं आणि उतू गेलेलं दूध उंबऱ्यापर्यंत आलं होतं. मी पोट धरून हसलो. तिसऱ्यात मीच होतो. पुस्तक बगलेत आवळून, त्याचा जबडा फाकवून, बोकडाचं वय बघावं तसे दात मोजत होतो. खाली लिहिलं होतं, ‘चार दाती आहे. अजून बरंच वाचता येईल.’

सगळे खदखदले. बायकोसुद्धा.

“अवो, अगदी तुमीच की! पुस्तक घेताना असंच करता.”

करतो. शिवण ओढून बघतो, पानं मोजतो. त्यात चुकलं काय?

“गुरुजी, सौदा वाचायचा झाला होता!” मी ओरडलो. “ह्यो तर इकत घेतोय!”

“तुम्हाला वाचताना कुणी बघितलंय?” गुरुजी शांतपणे म्हणाले. “मी बघितलं ते काढलं.”

वाचताना माझे ओठ हलतात, ओळीखाली बोट फिरतं. म्हणून मी दार लावून वाचतो.

“म्या बघितलंय,” बायको म्हणाली. “लई ग्वाड दिसतात.”

गुरुजी हसले नाहीत. “मग मलाही दाखवा. काढतो.”

तेव्हापासून तीन बाजार झाले. शेळ्यांच्या मधोमध बसून, ओळीखाली बोट धरून मोठ्यानं वाचतोय. पहिल्या बाजारी लोक हसले. आता शेजारचा दोरखंडवाला विचारतो, “पुढं काय झालं?” गुरुजी येतात, मेथीची जुडी हातात घेऊन उभ्या उभ्या ऐकतात. ना कागद, ना पेन्सिल. परवा विचारलं तर म्हणाले, “थांबा हो, एवढा धडा होऊ द्या.”

जावळाचा बोकड कधीच पचला. माझं चित्र कुठं आहे, गुरुजी? येत्या बाजारी सगळ्यांसमोर जबाब द्या. टॉवेलाखाली नको, तोंडानं.